लिहून केलेली प्रार्थना: ख्रिस्ती साधनेत वहीचं काम काय?

प्रार्थनेची वही ठेवा, असं रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठी काढलेल्या एकांताच्या दिवसांत, सांगतात, युवकांच्या शिबिरात सांगतात, कधी रविवारच्या उपदेशातही कानावर येतं. ती ठेवायची कशी, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग उत्साहाने नवी वही येते, पहिल्या पानावर आवडतं वचन वळणदार अक्षरात उतरतं, आठ-दहा दिवस ‘आज काय काय झालं’ याची नोंद होते आणि वही कपाटात जाऊन पडते. लोक मग आपल्या आळसाला दोष देतात. माझ्या मते अडचण वेगळी आहे. ही वही दिसायला रोजनिशीसारखी असली तरी तिचं काम निराळं आहे, आणि ते काम समजल्याशिवाय ती टिकत नाही.

रोजनिशी आपण स्वतःसाठी लिहितो. प्रार्थनेची वही देवाला उद्देशून लिहायची असते. एवढ्याने सगळं बदलतं. ‘आज मी ताईवर उगाच चिडले’ हे रोजनिशीतलं वाक्य. ‘प्रभू, मी ताईवर चिडले तेव्हा तूही तिथेच होतास’ हे प्रार्थनेच्या वहीतलं. दुसरं वाक्य लिहिताना हात थबकतो. स्वतःची बाजू सजवून मांडायला जागा उरत नाही, कारण वाचणाऱ्याला खरं काय ते आधीच ठाऊक आहे. आणि चिडण्यामागे दिवसभराचा शीण होता, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून स्वतःला झोडपत बसण्याचीही गरज राहत नाही.

इथे पहिली शंका येतेच. देवाला सगळं माहीत असताना त्याला लिहून कशाला सांगायचं? हा प्रश्न सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनने स्वतःलाच विचारला होता. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगरीचा हा बिशप इ.स. 397 च्या सुमारास आपल्या आयुष्याचा झाडा लिहायला बसला. तेरा भागांचं ते लेखन पहिल्या ओळीपासून देवाला ‘तू’ म्हणून संबोधतं. सोळाव्या वर्षी मित्रांच्या टोळीबरोबर त्याने शेजारच्या झाडाची नासपती चोरली होती. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळं होती, चोरलेली बहुतेक फळं डुकरांपुढे टाकली. या एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं लिहितो. असं का केलं, एकटा असतो तर केलं असतं का, त्यात गोडी कशाची होती? अकराव्या भागात तो थेट विचारतो, की हे सगळं मी तुला का सांगतोय? त्याचं उत्तर असं, की तुला कळावं म्हणून नव्हे, तुझ्याविषयीचं माझं आणि वाचणाऱ्यांचं प्रेम जागं व्हावं म्हणून. वहीचं काम याहून नेमकं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

बायबलमध्ये तर याचा भक्कम आधार आहे. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा विलापाचा आहे. तेरावं स्तोत्र ‘परमेश्वरा, किती वेळ?’ असं एकामागून एक चार वेळा विचारतं. बेचाळिसाव्यात माणूस देवाशी बोलता बोलता मध्येच आपल्या जिवालाच विचारतो, की तू का खिन्न झालास? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात राहिलं. ज्यांना वाटतं की वहीत फक्त स्तुती आणि आभार लिहायचे, त्यांनी हे स्तोत्र एकदा मोठ्याने वाचावं.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. देवाला ‘तू’ म्हणून त्याच्याशी भांडायचं, त्याला जाब विचारायचा, मग त्याच्याच पायाशी बसायचं, हे तुकोबांमुळे आपल्या कानात आधीच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि त्यांनी ख्रिस्ताला आळवलं तेही अभंगांतून. आपल्याला फक्त तो सूर वहीत आणायचा आहे, यमकाशिवाय आणि वृत्ताशिवाय.

आता ज्या माणसाकडून ही साधना सगळ्यात चांगली शिकता येते त्याच्याकडे वळू. लोयोलाचा संत इग्नेशियस, येशूसंघाचा, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा, संस्थापक.

20 मे 1521 रोजी स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर लढताना तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. तिशीचा, मानमरातबाच्या मागे लागलेला हा सरदार पुढचे कित्येक महिने घरी खाटेवर पडून होता. वाचायला त्याने शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात होतं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या तो दोन तऱ्हेची स्वप्नं रंगवायचा. एकात तो एका थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिकसारखा सगळं सोडून निघायचा. रंगवताना दोन्ही गोड लागायची. पण पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडायचं, दुसरं ओसरल्यावरही समाधान मागे राहायचं. हा फरक एके दिवशी त्याच्या लक्षात आला. पुढे त्याने जे जे शिकवलं त्याचं मूळ या एका निरीक्षणात आहे. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मागे काय ठेवून जातो, ते पाहायचं.

त्याच खाटेवर त्याने लिहायलाही सुरुवात केली. वाचलेल्यातला महत्त्वाचा भाग तो गुळगुळीत, रेघा आखलेल्या कागदावर उतरवून घेऊ लागला. येशूचे शब्द लाल शाईत, मरियेचे निळ्या शाईत. सुमारे तीनशे पानं भरली. अक्षर चांगलं होतं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलंय. यात त्याचा स्वतःचा असा एकही विचार नव्हता, तरी ही वहीच होती. नुसतं उतरवून घेणं हीसुद्धा प्रार्थनेची रीत आहे. स्वतःबद्दल काय लिहावं ते सुचत नसेल त्यांनी इथूनच सुरुवात करावी. रोज शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातल्या, चार ओळी, सावकाश, हाताने.

दुसरी वही तेवीस वर्षांनंतरची, रोममधली. येशूसंघाला 1540 साली मान्यता मिळाली होती आणि इग्नेशियस संघाचे नियम लिहीत होता. प्रश्न रुक्ष वाटेल असा होता. संघाच्या चर्चना कायमचं उत्पन्न असावं, की फक्त दानावर भागवावं? त्याने आधी दोन्ही बाजूंची कारणं कागदावर मांडली. मग 2 फेब्रुवारी 1544 पासून रोजच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, हा प्रश्न देवापुढे ठेवायचा आणि मनात काय झालं ते टिपायचं, असं सुरू केलं. डोळ्यांत पाणी कधी आलं, कशाने आलं, मन कुठे स्थिर झालं, कुठे शंका आली, हे सगळं त्यात आहे. ते सुबक लेखन मुळीच नाही. वाक्यं तुटक आहेत, काही मजकुराभोवती रेघा ओढलेल्या आहेत. पुढच्या महिन्यांतल्या नोंदी तर इतक्या त्रोटक होत जातात की मिस्सेआधी अश्रू, मिस्सेत अश्रू, नंतर नाहीत, एवढंच उरतं.

यातली 12 मार्च 1544 ची नोंद मला फार मोलाची वाटते. उत्पन्न नको, हा कौल बऱ्याच दिवसांपासून स्पष्ट होता. पण इग्नेशियसला आणखी एक भरभरून अनुभव हवा होता, म्हणजे समाधानाच्या लाटेवर शिक्कामोर्तब करता आलं असतं. त्या दिवशी तसं काहीच मिळेना. मन कोरडं, देव दूर. मग लिहिता लिहिता त्याला दिसलं की आपण खुणा मागत बसलोय, आणि आणखी पुरावा न शोधता इथेच थांबणं देवाला जास्त आवडेल. त्याने विषय संपवला. गोड अनुभवांचा हिशेब ठेवायला म्हणून वही सुरू केली, तर तीच वही त्या अनुभवांची हाव दाखवून देते. नुसतं मनातल्या मनात ठेवून हे लक्षात येणं कठीण.

या साधनेचे दोन शब्द इथेच समजून घेतलेले बरे. इग्नेशियस आतल्या हालचालींचे दोन प्रकार मानतो, सांत्वन आणि कोरडेपणा. सांत्वन म्हणजे नुसतं छान वाटणं नाही. ज्याने विश्वास, आशा, प्रेम वाढतं ते सांत्वन, मग ते पापाबद्दलच्या दुःखाचे अश्रू का असेनात. ज्याने मन बेचैन होतं, खाली खाली ओढलं जातं, देवापासून तुटल्यासारखं वाटतं तो कोरडेपणा, मग तो मजेत घालवलेल्या संध्याकाळीनंतर का येईना. त्याचा पक्का नियम असा, की कोरडेपणात आधी ठरवलेलं बदलायचं नाही. आणि सांत्वन असताना पुढच्या कोरड्या दिवसांसाठी बळ साठवून ठेवायचं. वहीचा मोठा उपयोग या दुसऱ्या नियमाला होतो. कोरड्या दिवसांत माणसाला आपण कधी देवाजवळ होतो हे आठवतच नाही. वहीत ते आपल्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

मग प्रत्यक्षात करायचं काय? प्रार्थना चालू असताना लिहीत बसू नये. इग्नेशियस सांगतो की प्रार्थना संपल्यावर पाव तास बसून किंवा येरझाऱ्या घालत ती कशी झाली ते पाहावं. आज रिट्रीटला जाणाऱ्यांना वही काढायला सांगतात ती याच वेळी. वचनाचा अर्थ किंवा उपदेशाचे मुद्दे इथे लिहायचे नाहीत. काय झालं तेवढं लिहायचं.

समजा एखादीने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचून लिहिलं:

‘मंगळवार. मत्तय 6, उद्याची चिंता करू नका. सगळा वेळ बाबांच्या ऑपरेशनचा खर्च डोक्यात. आकाशातल्या पाखरांपाशी आले आणि राग आला. पाखरांना हॉस्पिटलचं बिल येत नाही. हे तुला तसंच सांगितलं. नंतर शांत वाटलं असं नाही, पण एकटं वाटलं नाही.’

एवढीच नोंद, आणि ती भरपूर आहे. कुठे मन हललं ते आहे, पाखरांपाशी. काय हललं ते आहे, राग. तो दडवला नाही. आणि शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. ‘शांत वाटलं’ असं लिहून टाकणं सोपं होतं, पण तिला काहीतरी वेगळंच मिळालं होतं आणि तिने तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिने सातव्या अध्यायाकडे जाऊ नये. इग्नेशियसच्या रीतीने पुन्हा त्याच पाखरांपाशी जावं, जिथे राग आला तिथेच. तो याला पुनरावृत्ती म्हणतो. जिथे जास्त सांत्वन किंवा जास्त कोरडेपणा जाणवला त्या जागी परत जायचं, कारण बोलणं तिथे अर्धवट राहिलेलं असतं. वही नसेल तर ती जागा सापडतच नाही, आणि आपण रोज नवा अध्याय वाचत पुढे जातो.

म्हणून जुनी पानं वाचणं हा या साधनेचा निम्मा भाग आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात. आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री किंवा रविवारी उपासनेनंतर, मागची पानं वाचावीत. कोणतं नाव पुन्हा पुन्हा येतंय? कशाबद्दल एक शब्दही नाही? गप्प राहिलेली जागाही बोलत असते. महिनाभर नोकरीबद्दल लिहिणाऱ्या माणसाने घरच्यांबद्दल चकार शब्द काढला नसेल, तर पुढची प्रार्थना कशाची करायची ते ठरलंच.

काही ओळी तर आयुष्यभर सोबत ठेवण्याच्या असतात. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कालने 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री साधारण साडेदहापासून मध्यरात्रीनंतर साडेबारापर्यंत जे अनुभवलं, ते तुटक शब्दांत कागदावर उतरवलं. वर तारीख आणि वेळ, मग एकच शब्द, ‘अग्नी’. पुढे ‘अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे’. नंतर आनंद, आनंदाश्रू. हा मजकूर त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. कोट बदलला की उसवून नव्या कोटात शिवायचा. याबद्दल कुणाला अवाक्षर बोलला नाही. 1662 मध्ये तो गेल्यावर नोकराच्या हाताला अस्तरातली ती जाडी लागली. पास्काल येशूसंघीयांचा कडवा टीकाकार होता, तरी सांत्वनाच्या वेळी साठवून ठेवा या त्यांच्या संस्थापकाच्या नियमाचं याहून सुरेख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता धोका. तो खरा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वही पापांची खतावणी बनू शकते. हे इग्नेशियसने स्वतः भोगलंय. खाटेवरून उठल्यावर मोन्सेरातच्या मठात त्याने तीन दिवस घेऊन आयुष्यभराची पापं लिहून कबूल केली. त्यानंतर मान्रेसात राहताना त्याला शंकांनी घेरलं. काही राहिलं तर नाही ना? नीट सांगितलं ना? एका विद्वान धर्मगुरूने सल्ला दिला की आठवेल ते सगळं लिहून काढ. त्याने लिहून काढलं. शंका आणखी बारीकसारीक होऊन परत आल्या. जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली. सुटका झाली ती मागची पापं पुन्हा उकरायची नाहीत, असं ठरवल्यावर. लाल-निळ्या शाईने ज्याला उभारी दिली त्यालाच या यादीने खड्ड्यात ढकललं. लेखणी तीच, माणूसही तोच. लाल-निळ्या वहीत नजर ख्रिस्ताकडे होती, यादीत ती स्वतःवर खिळली होती.

जॉन वेस्ली या मेथडिस्ट चळवळीच्या प्रवर्तकाचीही गोष्ट अशीच. 1725 मध्ये ऑक्सफर्डला त्याने सांकेतिक लिपीत रोजनिशी सुरू केली आणि पुढे तासातासाचा हिशेब ठेवू लागला, त्या तासात भक्तिभाव किती होता याला एक ते नऊ असे गुणसुद्धा देऊन. इतकं करूनही 1738 च्या जानेवारीत अमेरिकेहून परतताना तो लिहितो, की मी तिकडच्या लोकांचं परिवर्तन करायला गेलो, पण माझं परिवर्तन कोण करणार? त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनमधल्या एका छोट्या सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा, पापं उचलली हे त्याच्या आत उतरलं. गुणांच्या रकान्यांनी त्याला तिथे नेलं नव्हतं. लिहिणं मात्र त्याने नंतरही सोडलं नाही.

म्हणून इग्नेशियसने दिवसाच्या परीक्षणाला घातलेला क्रम मोडू नये. आधी आभार, मग उजेडाची याचना, मग दिवसाची उजळणी, त्यानंतर क्षमा आणि शेवटी उद्याचा निश्चय. पाप तिसऱ्या-चौथ्या पायरीवर येतं, आभार पहिल्या. वही उघडल्यावर छातीत धडधडत असेल, तेच ते पाप रोज लिहिलं जात असेल, तर वही काही दिवस बंद ठेवावी आणि फादरांशी, पाळकांशी किंवा साधनेतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोलावं. जीव द्यावा असं वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना सांगावं आणि डॉक्टर गाठावा. त्यात अविश्वास काही नाही. कॅथलिक वाचकांसाठी आणखी एक, वहीत लिहिलं म्हणजे पापकबुली झाली असं होत नाही. कबुलीसंस्काराची तयारी मात्र वहीत उत्तम होते.

भाषेबद्दल माझा आग्रह आहे. उपासनेच्या पुस्तकातली भाषा वहीत आपोआप शिरते, ‘हे दयाघन परमपित्या, आम्ही दीन पापी जन’ वगैरे. चर्चमध्ये ती शोभते, मला ती आवडतेही. पण तिच्या आड लपता येतं. घरात भांडताना, रडताना, लाडात येताना जी बोली तोंडात येते तीत लिहावं. वसईकराने सामवेदीत लिहावं, गोव्याच्या माणसाने कोकणीत, इंग्रजी शाळेत शिकलेल्याने हवं तर तीन भाषांची खिचडी करून. शुद्धलेखन तपासायला कुणी येणार नाही.

आणि खरंच कुणी येऊ नये. दोन खोल्यांच्या घरात चार माणसं राहतात तिथे हा प्रश्न मोठा असतो. कुणी वाचेल या भीतीने लिहिलेली वही सजवलेली होते. कुलूप असलेला कप्पा, ऑफिसचा ड्रॉवर, फोनमधली पासवर्ड घातलेली नोंद, काहीही चालेल. माणसांची नावं आद्याक्षरांनी लिहावीत. वेस्लीची सांकेतिक लिपी यासाठीच होती. इग्नेशियसच्या आठवणी लिहून घेणाऱ्या सहकाऱ्याला त्याने टिपणांचा मोठा गठ्ठा दाखवला, त्यातलं काही वाचूनही दाखवलं. सहकाऱ्याने कागद थोडा वेळ मागितले, तेव्हा मात्र साफ नकार दिला. त्या गठ्ठ्यातल्या दोनच वह्या आज उरल्या आहेत.

भरलेल्या वह्यांचं काय करायचं, असं विचारतात. वर्षातून एकदा, आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांत, किंवा रिट्रीटला जाताना, वर्षभराची पानं वाचावीत, ज्या थोड्या ओळी पुढेही लागतील असं वाटतं त्या नव्या वहीच्या पहिल्या पानांवर तारखेसकट उतरवाव्यात आणि जुनी वही फाडून टाकायची असेल तर खुशाल फाडावी.